भावाला क्रेडिट कार्ड फसवणुकीच्या गुन्ह्यात सायबर पोलिसांची नोटीस आली आहे. पैसे भरून प्रकरण मिटवावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ पुण्यात पीजीवर राहतो. ओळखीच्या एका मुलाने 'माझी दोन पार्सलं तुझ्या पत्त्यावर येतील, घेऊन ठेव' म्हणून सांगितलं आणि पार्सलमागे हजार रुपये दिले. आत मोबाइल होते, ते कुणा तिसऱ्याच माणसाच्या क्रेडिट कार्डावर घेतलेले निघाले. आता घरात सगळ्यांचं म्हणणं, पैसे भरा आणि मोकळे व्हा.

मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी बाजूची कामं करतो. ताई, निदान आज तरी पैसे भरू नका. भरणार कुणाला, हा पहिला प्रश्न. बँकेने कार्डवाल्याला रक्कम परत केली असेल तर नुकसान बँकेचं. शिवाय घाईने भरलेल्या पैशांचा अर्थ 'केलं म्हणून भरले' असाच काढला जातो. भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) या फसवणुकीच्या कलमात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. तो रस्ता पुढेही उघडा राहील, पण वकिलामार्फत आणि कोर्टासमोर.

आता नोटीस काढून वरचं कलम बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५(३) असेल तर थोडा श्वास घ्या. म्हणजे पोलीस चौकशीला बोलावताहेत, अटक करायला निघालेले नाहीत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं, आणि ३१८(४) त्याच मर्यादेत बसतं. नोटीस फक्त व्हॉट्सअॅपवर आली असेल तर ती रीतसर बजावणी नाही, हेही न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. म्हणून 'नोटीसच चुकीची आहे' म्हणत घरी बसू नका. वकिलामार्फत लेखी प्रत मागा आणि तारखेला हजर राहा. न गेल्याने अटकेला आयतं कारण मिळतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क आणि ६६ड (66C, 66D) ही कलमं लावली असतील तर ती जामीनपात्र आहेत. भीती असते ती ३१८(४)ची, कारण ते अजामीनपात्र आहे. त्यासाठी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली, तयार ठेवावा. तो दाखल करायचा की नाही ते कागद बघून ठरतं.

खरा बचाव मात्र कलमांच्या आकड्यांत नाही. भावाला काय माहीत होतं, यावर सगळं आहे. फसवणुकीला मुळात बेइमानीचा इरादा लागतो. आणि न्याय संहितेच्याच ३१७ कलमात, फसवून मिळवलेली वस्तूही आता 'चोरीचा माल' धरली जाते, तिथे प्रश्न असतो की माल तसा आहे हे माहीत होतं का, किंवा तसं वाटायला कारण होतं का. हे दुसरं वाक्य घात करतं. सरकारी वकील विचारणार, एक खोका घेऊन ठेवायचे कुणी हजार रुपये देतं का? सत्र न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न असतो. खरं सांगायचं तर तुमच्या भावाची बाजू तिथे कच्ची आहे. दोन पार्सलं आणि मैत्री एवढंच असेल तर ऐकून घेतील. आठ पार्सलं, चार वेगळ्या नावांवर, आणि खोके त्याने स्वतः फोडून फोन विकले असतील तर बचावाचा सूरच बदलावा लागेल. म्हणून वकिलाला पूर्ण खरं सांगू द्या. वकिलापासून लपवलेली गोष्ट जामिनाच्या सुनावणीत पोलिसांच्या म्हणण्यात बाहेर येते, तेव्हा आम्ही उभ्या उभ्या गप्प होतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाचं प्रकरण माझ्याकडे होतं. डिलिव्हरीचा ओटीपी त्याच्याच फोनवर आला होता, त्यामुळे पोलिसांच्या दृष्टीने विषय संपला होता. सोसायटीच्या वॉचमनकडे मात्र दोनशे पानी वही होती, गेटवर आल्यागेल्याची. त्यात त्याच संध्याकाळी सव्वासातला मित्राचं नाव, गाडीचा नंबर आणि वॉचमनच्या अक्षरात 'बॉक्स घेऊन गेला'. वही भरली की रद्दीत जायची. शेवटची चार पानं उरली होती. आम्ही तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन ती जप्त करायला लावली. भावाच्या पीजीतही बघा: रजिस्टर, गेटचा कॅमेरा. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून 'हे जतन करा' असा अर्ज आजच द्या, पोहोच घ्या.

भावाचे त्या ओळखीच्या मुलाबरोबरचे चॅट, जीपेवर आलेले हजार रुपये, कॉल, यातलं काहीही डिलीट करू नका. 'लाज वाटते' म्हणून मुलं पुसतात आणि पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम ओढवून घेतात. अनेकदा त्या चॅटमध्येच सुटका असते. 'अरे कसला माल आहे?' 'काही नाही रे, माझ्या दुकानाचा.' एवढं एक वाक्य माझ्या दृष्टीने सोन्याचं.

पोलिसांकडच्या डिजिटल पुराव्यालाही कसोटी आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ कलमाखालचं प्रमाणपत्र त्याच्यासोबत लागतं. जुन्या साक्ष कायद्यातलं असंच प्रमाणपत्र किती अनिवार्य आहे हे २०२० साली आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पण ही लढाई खटला चालताना. आज त्याच्यावर वेळ घालवू नका.

चौकशीत भावाने विचारलं तेवढंच बोलावं, न आठवलं तर 'आठवत नाही' म्हणावं, अंदाजाने तारखा सांगू नयेत. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण त्याच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जबाबावर सही घेण्याची तरतूदच नाही, त्यामुळे कोऱ्या कागदावर तर अजिबात नको. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००.

तारखेला पोलीस ठाण्यात पोहोचलात की आधी नोटिशीच्या प्रतीवर हजर झाल्याची वेळ लिहून घ्या, आणि त्या पानाचा फोटो तुमच्या फोनवर ठेवा, भावाच्या नाही.