वाचकांचे प्रश्न : माझ्या वतीने मीच बोलणार

अपंगत्व असलेल्या व्यक्तीने आपली बाजू आपणच मांडावी, असा सल्ला बहुतेकांना मिळतो. ती नेमकी कशी मांडायची, हे मात्र क्वचितच कोणी शिकवते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे याच विषयाची असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते व मी श्रवणयंत्र वापरते. समोरासमोर बोलताना फारशी अडचण येत नाही, पण कार्यालयातील बैठकांमध्ये अर्धे बोलणे निसटते. वरिष्ठांना हे सांगितले तेव्हा ‘काळजी करू नका, आम्ही जरा मोठ्याने बोलू’ असे ते म्हणाले. काही दिवस तसे झाले, मग सारे पूर्ववत. पुन्हा विषय काढला तर मी तक्रारखोर ठरेन का?

उत्तर : तुमच्या वरिष्ठांचा हेतू चांगला होता, हे पत्रावरून स्पष्ट दिसते. तुम्ही त्यांना अडचण सांगितलीत, पण उपाय सांगितला नाहीत; तो त्यांनी अंदाजाने निवडला आणि अंदाज चुकला. मोठ्याने बोलल्याने आवाज वाढतो, शब्द स्पष्ट होतातच असे नाही. श्रवणयंत्र माणसाच्या आवाजाबरोबर पंख्याचा आणि सरकवलेल्या खुर्चीचा आवाजही वाढवते, आणि बोलणारा जितका दूर असेल तितका हा गलबला त्याच्या शब्दांवर मात करतो. ओठांकडे पाहून उरलेले भरून काढावे, तर प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात; ‘पाल’, ‘बाल’ आणि ‘माल’ हे शब्द नुसते पाहून वेगळे काढता येत नाहीत, संदर्भावरून ताडावे लागतात. त्यात बोलणाऱ्याच्या पाठीशी उजेडाची खिडकी असली, तर त्याचा चेहरा काळवंडून तोही आधार जातो. हे सारे तुम्ही रोज अनुभवता, पण ज्याला नीट ऐकू येते त्याला ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून आधी स्वतःच्या गरजेचा नीट अभ्यास करा. पुढील काही बैठकांमध्ये कोण बोलत असताना, तुम्ही कुठे बसलेल्या असताना आणि चर्चेच्या कोणत्या टप्प्यावर बोलणे निसटते, याची टिपणे ठेवा. कान देऊन ऐकत राहण्याचा थकवा येतो आणि बैठक लांबली की समजण्याचे प्रमाण घटते, असा अनुभव असेल तर तोही लिहा. तो सांगण्यात काहीही कमीपणा नाही. मग वरिष्ठांना पुढीलप्रमाणे लेखी कळवा :

‘बैठकीत दोघे-तिघे एकदम बोलू लागले की मला कोणाचेच समजत नाही, आणि त्यामुळे झालेले निर्णय मला उशिरा कळून माझे काम खोळंबते. विषयपत्रिका आदल्या दिवशी मिळावी, एका वेळी एकानेच बोलावे, सर्वांचे चेहरे दिसतील अशी जागा मला मिळावी आणि ऑनलाइन बैठकीत सबटायटल्स सुरू ठेवावीत, अशी विनंती आहे. महिनाभराने याचा किती उपयोग झाला ते आपण एकत्र पाहू.’

या मजकुरात दिलगिरी नाही आणि वैद्यकीय इतिहासही नाही, कारण दोन्हींची गरज नाही. कामावर होणारा परिणाम आहे, आणि समोरच्याला उद्यापासून करता येतील अशा चार गोष्टी आहेत. माझ्या मते बहुतेक विनंत्या नाकारल्या जाण्यापेक्षा मोघमपणामुळेच वाया जातात.

बैठकीतल्या बैठकीतही हीच नेमकेपणाची सवय उपयोगी पडते. ‘काय म्हणालात?’ असे विचारले की माणूस तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो आणि तोच शब्द पुन्हा निसटतो. ‘रक्कम ऐकू आली, मुदत ऐकू आली नाही’ असे म्हटले, तर त्याला केवळ तेवढेच सांगावे लागते आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकत आहात, हेही सर्वांना कळते. लोक विसरतील, हे गृहीत धरा. प्रत्येक वेळी आठवण तुम्हालाच करून द्यावी लागू नये, म्हणून बैठक चालवणाऱ्यानेच सुरुवातीला ‘एका वेळी एकानेच बोलूया’ असे म्हणावे, हे आधी ठरवून घ्या.

आता तक्रारखोरीविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार, समोरच्यावर अवाजवी बोजा पडत नसतानाही रास्त सोय नाकारणे हा अपंगत्वाच्या आधारे केलेला भेदभावच ठरतो. तुम्ही मागत असलेल्या गोष्टींचा बोजा किती, हे तुम्हीच पाहा. तरीही नकार आला तर वाद न घालता त्याचे कारण लेखी मागा. तोंडी बोलणे झाले असेल, तर त्याच दिवशी ‘आज आपले असे बोलणे झाले’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवा, म्हणजे पुढे वरच्या पातळीवर दाद मागायची वेळ आली तरी सारे तारखांनिशी हाताशी राहील.

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे. डॉक्टर असोत की बँकेतील कर्मचारी, सगळे माझ्याशीच बोलतात. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, म्हणून मीही पटकन सांगून मोकळी होते. माझ्यामागे त्याचे कसे होईल, या विचाराने झोप लागत नाही. त्याला स्वतःसाठी बोलायला शिकवता येईल का? आणि त्याचे निर्णय चुकले तर?

उत्तर : शिकवता येईल. मात्र या शिक्षणाचा निम्मा भाग तुमच्यासाठी आहे, आणि तो कोणता हे ‘मीही पटकन सांगून मोकळी होते’ या वाक्यात तुम्हीच लिहिले आहे.

ज्यांना काही ठरवता येत नाही असे जग समजत होते, त्यांनीच या बाबतीत जगाला वाट दाखवली, हे आधी सांगावेसे वाटते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ आपल्या बैठका भरवून स्वतःच्या मागण्या मांडू लागले. १९७४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात अशाच व्यक्तींची परिषद भरली आणि ‘पीपल फर्स्ट’, म्हणजे ‘आम्ही आधी माणसे आहोत’, या नावाची चळवळ तेथून पसरली. त्यांच्यासोबत साहाय्यक असत, परंतु काय मागायचे ते या व्यक्तीच ठरवत.

सुरुवात डॉक्टरांच्या पुढच्या भेटीपासून करा. आदल्या दिवशी दोघे शांतपणे बसा आणि डॉक्टरांना कोणत्या तीन गोष्टी सांगायच्या, हे त्यालाच ठरवू द्या. वाचता येत नसेल तर चित्रे काढा. शरीराच्या आकृतीवर दुखणाऱ्या जागी खूण करायला सांगा. तो कागद त्याच्याच खिशात राहू द्या. दवाखान्यात डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत त्याला बसवा, तुम्ही किंचित मागे बसा आणि सुरुवातीलाच सांगा, ‘डॉक्टर, तो स्वतः सांगणार आहे. त्याला थोडा वेळ लागतो, पण तो सांगतो.’ डॉक्टर सवयीने तुमच्याकडे वळले, तर तुम्ही मुलाकडे पाहा. मग थांबा, मनात दहापर्यंत आकडे मोजा. तेवढी शांतता तुम्हाला असह्य होईल, पण त्याचे उत्तर त्याच शांततेत तयार होत असते.

प्रश्न कसा विचारला जातो, याकडेही लक्ष ठेवा. बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांचा कल होकार देण्याकडे असतो, कारण होकार दिला की समोरचा खूश होतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले असते. ‘दुखणे थांबले ना?’ याला ‘हो’ मिळेल. ‘आता कुठे दुखते ते दाखव’ असे म्हटले तर खरे काय ते कळेल. डॉक्टरांनी एका वेळी एकच प्रश्न विचारावा, असे त्याने किंवा तुम्ही निःसंकोच सांगावे.

दोन वाक्ये त्याला पक्की यायला हवीत : ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ आणि ‘मला नको’. त्यातले दुसरे मला जास्त महत्त्वाचे वाटते. प्रत्येक गोष्टीला मान डोलावण्याची सवय लागलेल्या माणसाला गैरफायदा घेणाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. ही सवय घरातच मोडावी लागते. त्याने एखादा शर्ट नको म्हटल्यावर तुम्ही तोच चढवत असाल, तर आपल्या ‘नको’ला किंमत नाही, एवढेच तो शिकतो. आज कोणते कपडे घालायचे, पाहुण्यांसमोर बसायचे की नाही, हे निर्णय त्याचे असू द्या आणि ते तुमच्या मनाविरुद्ध गेले तरी पाळा.

निर्णय चुकतील. स्वतःच्या पैशांतून त्याने निरुपयोगी वस्तू घेतली तर घेऊ द्या आणि नंतर ‘पुन्हा घेशील का?’ असे विचारा. चुकीतून शिकण्याची मुभा इतर तरुणांना असते, तशी त्यालाही हवी. शस्त्रक्रिया, मालमत्ता, कर्जाच्या कागदावरील सही अशा बाबी निराळ्या आहेत. तिथे त्याला सोप्या भाषेत समजावणारे, पर्याय चित्रांतून मांडणारे आणि त्याचा कल समजून घेणारे माणूस सोबत हवे. वर उल्लेखलेल्या कराराचे बारावे कलम हेच सांगते : कायद्याच्या दृष्टीने अपंग व्यक्तीची क्षमता इतरांच्या बरोबरीची मानावी, आणि ती वापरण्यासाठी लागणारा आधार तिला मिळावा. हा आधार एकट्या तुमच्यावर उभा नको. भावंड, मित्र, शेजारी, शिक्षक अशा तीन-चार जणांना त्याची बोलण्याची पद्धत, त्याच्या खुणा आणि त्याच्या भीती आत्तापासून कळू द्या, शक्यतो त्यानेच निवडलेल्यांना. ‘माझ्यामागे काय’ या चिंतेवर मला याहून खात्रीचा उपाय दिसत नाही.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे. रस्ता ओलांडताना लोक न विचारता माझा हात किंवा पांढरी काठी धरून ओढत नेतात. झिडकारले तर ते दुखावतात, सहन केले तर माझा तोल जातो. काय करावे?

उत्तर : काठी धरली जाणे म्हणजे पुढचा खड्डा कळण्याचे साधनच काढून घेतले जाणे, त्यामुळे तुमची चीड पूर्णपणे रास्त आहे. मदत हवी असेल तेव्हा हात सोडवून घेता घेता म्हणा, ‘मला ओढू नका, तुमचा दंड मला धरू द्या.’ कोपराच्या किंचित वर धरून अर्धे पाऊल मागे चालले की त्यांचे वळणे, थांबणे, पायरी चढणे तुम्हाला त्यांच्या शरीराच्या हालचालीतून आपोआप कळते, आणि हात कधी सोडायचा हे तुमच्या ताब्यात राहते. बहुतेक लोक हे आनंदाने करतात. त्यांना पद्धत माहीत नसते, एवढेच. मदत नको असेल तर ‘धन्यवाद, मला जमेल’ एवढे पुरे, कारण देण्याची गरज नाही. तरीही पकड सुटली नाही, तर रस्त्यात उतरण्यापूर्वी जागच्या जागी उभे राहा आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘माझा हात सोडा’ असे म्हणा. समोरचा दुखावला तरी चालेल. वाहत्या रस्त्यावर तुमचा तोल सांभाळणे त्याहून महत्त्वाचे आहे.