अण्णा पाणी का पीत नव्हते?

"मॅडम, आई-बाबांना अमेरिकेला न्यायचंय. एवढा प्रवास झेपेल का हो त्यांना?"

उन्हाळा लागला की गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. काळजी रास्तच आहे. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईचं विमानतळ गाठायलाच तीन-चार तास, तिथे तीन तास आधी हजर राहायचं, आणि न्यूयॉर्कला थेट विमान मिळालं तरी पुढे 15-16 तास एका खुर्चीत. ओळखीच्या खुणा बदलून एका घरातली गोष्ट सांगते.

मुलगी बँकेत नोकरीला. आई-वडिलांना घेऊन भावाकडे न्यूजर्सीला निघायचं होतं. तिची तयारी चोख होती. तिकिटाबरोबरच व्हीलचेअर सांगून ठेवलेली, विमा आधीपासूनच्या आजारांसकट, औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हातातल्या बॅगेत. आईचं इन्सुलिन खाली सामानात टाकायचं नाही, तिथे ते गोठू शकतं, हेही तिला ठाऊक होतं. पण अण्णा 'नको'वर अडून बसले होते. वय 74, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त. "ज्या माणसाने मिगचे पार्ट बनवले, त्याला विमानाची भीती?" ती म्हणाली.

पहिल्या भेटीत अण्णांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं, दुसऱ्या भेटीत तिकडच्या थंडीचं. माझं लक्ष मात्र पाण्याच्या पेल्याकडे होतं. मी आलेल्या प्रत्येकापुढे पाणी ठेवते. अण्णा भर एप्रिलमध्ये तो पेला हळूच बाजूला सारत होते.

तिसऱ्या भेटीत मुलीला बाहेर बसवलं आणि विचारलं, "अण्णा, घराबाहेर पडताना पाणी पीत नाही का तुम्ही?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "चार वर्षांपूर्वी सगळे मिळून पंढरपूरला गेलो होतो. माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवावी लागली. मागून कुणी तरी म्हणालं, म्हाताऱ्याला डबा द्या. तेव्हापासून बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद." थोडं थांबून पुढे म्हणाले, "विमानात तर शेजारच्याला दर तासाला उठवायचं!"

त्यांना भीती विमानाची नव्हतीच, शेजारच्या माणसाची होती. आणि त्यावरचा त्यांचा उपाय घातक होता. विमानातली हवा फार कोरडी असते. तासन्‌तास हलल्याशिवाय बसलं तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ज्या उठण्याची त्यांना लाज वाटत होती, ते उठणंच त्यांच्या पायांना हवं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी. माणसाला घटनेपेक्षा त्याचा 'असंच व्हायला हवं' हा हट्ट जास्त छळतो, असं ते सांगत. अण्णांचं वाक्य मी कागदावर लिहिलं, 'माझ्यामुळे कुणाला त्रास होताच कामा नये', आणि त्यातल्या 'च'भोवती गोल काढला. म्हटलं, "त्रास होऊ नये असं वाटणं हा तुमचा चांगुलपणा. पण या 'च'ने तुम्हाला घरात कोंडलंय."

अण्णा कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे टॉलरन्स ठेवायचा," ते म्हणाले. "ड्रॉइंगमध्ये माप असतं, त्याला थोडं कमी-जास्त चालतं. टॉलरन्स शून्य धरला तर एकही पार्ट पास होणार नाही."

इतक्या वर्षांत 'च' मी कितीतरी जणांना समजावला, पण इतका नेमका शब्द मला कधी सापडला नव्हता. मार्ग त्यांनी स्वतःच्या कारखान्यातून काढला, माझं काम पेल्याकडे बघण्यापुरतं. त्या बघण्याचं समाधान मला आजही आहे.

मुलीला हे त्यांनीच सांगायचं, असं मी बजावलं. त्यांनी सांगितलं. ती रडवेली झाली. "म्हणून मामाकडच्या लग्नाला आला नाहीत, अण्णा?"

मग गृहपाठ. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत यायचं. पाणी नेहमीसारखं प्यायचं, लागेल तेव्हा शेजाऱ्याला "जरा जाऊ द्या" म्हणायचं. आल्यावर अण्णांनी हिशेब दिला, "जाताना तीनदा उठलो. तिसऱ्यांदा तो पोरगाच म्हणाला, काका, तुम्ही कडेला बसा."

विमानात तिघांच्या सलग जागा घेतल्या, पॅसेजची सीट अण्णांना, स्वच्छतागृहाजवळ. वारंवार लघवीला लागतं म्हणून प्रोस्टेट ग्रंथीसाठी मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवलं. औषधांच्या वेळा आणि पायात घट्ट मोजे घालायचे का, हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारलं. खबरदारी म्हणून डायपरही बॅगेत होता, आणि तो अण्णांनी स्वतः ठेवला.

म्हणून "झेपेल का" हे मला विचारण्याआधी आई-वडिलांना विचारा. "काही त्रास आहे का" असं विचारलं तर "नाही" एवढंच उत्तर मिळेल. "रात्री किती वेळा उठता?", "बाहेर गेल्यावर जेवण-पाणी कमी करता का?" असं थेट विचारा. एकेकट्याला गाठून, सून-जावई समोर नसताना, आणि शक्यतो तिकीट काढायच्या आधी.