बचत गटाच्या छोट्या कर्जाने कर्नाटकातल्या खानापूरकडच्या गावातलं घर खरंच वर येतं का?

येतं, पण एका कर्जात नाही. आमच्या शेजारच्या काकूंचे पहिले 10,000 सावकाराकडचं डोरलं सोडवण्यातच गेले. हाती काही आलं नाही, पण व्याज थांबलं. ते फेडल्यावर दुसऱ्या कर्जातून म्हैस आली. आता पहाटे कॅन घेऊन डेअरीवर जातात, दुधाच्या बिलातूनच हप्ता भरतात. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 पासून गट बँकांशी जोडले, म्हणून तारण न ठेवता हे जमतं.

मात्र एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढू नका, कळकळीने सांगते. वसुलीवाले दारात येऊन धमकावत असतील तर पोलिसांत जा. कर्नाटकात 2025 पासून त्याविरुद्ध कायदा आहे. आणि म्हैस आटेल त्या महिन्यांचा हप्ता आधीच बाजूला ठेवा.