क्लॅरिनेटच्या बोएम, अल्बर्ट आणि जर्मन पद्धतींत फरक काय? माझ्या जुन्या वाद्याला चार्टमधली बोटं का जुळत नाहीत?

वाद्य बिघडलेलं नाही, आणि बोटंही बहुतेक बरोबरच ठेवताय. तुम्ही लिहिलंय की डाव्या हाताचे स्वर नीट लागतात, पण उजवी तर्जनी टेकवून खालचा बी फ्लॅट काढायला गेलं की स्वर चढा येतो. एवढ्यावरूनच अंदाज बांधता येतो: तुमचा चार्ट बोएम पद्धतीचा आहे आणि वाद्य बहुधा अल्बर्ट. पद्धत म्हणजे भोकं आणि चाव्यांची मांडणी.

खात्री करून घ्या. डाव्या करंगळीच्या चाव्या मोजा. तिथे तीन आणि उजव्या करंगळीला चार असतील, शिवाय मागच्या बाजूला अंगठ्याच्या भोकाभोवती रिंग असेल, तर ते साधं बोएम. डावीकडे दोनच असतील आणि उजवीकडच्या चाव्यांच्या कडेला बारीक रूळ बसवलेले दिसले, तर अल्बर्ट किंवा त्याच्या जर्मन भाऊबंदांपैकी एखादं.

एकाच वाद्याला इतक्या पद्धती कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं मूळ नळीत आहे. बासरी जोरात फुंकली की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो, सा चा तार सा होतो. क्लॅरिनेटची नळी बरीचशी एकाच व्यासाची आणि रीडच्या (तोंडाकडच्या, कंप पावणाऱ्या पातळ पट्टीच्या) टोकाला बंद, त्यामुळे अंगठ्याची रजिस्टर चावी दाबली की सा वरून थेट तार सप्तकातल्या प वर उडी. मधली जागा भरायची तर खालच्या पट्टीतच १९ स्वर काढता यायला हवेत. बोटं दहा, त्यातला उजवा अंगठा वाद्य पेलण्यात अडकलेला. राहिली नऊ. या नऊ बोटांत कामाची वाटणी कशी करायची, यावरच सगळी भांडणं.

१७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेनरने क्लॅरिनेट बनवलं तेव्हा चाव्या दोनच होत्या. पुढे पाच झाल्या. फार वाढवायची सोय नव्हती, कारण प्रत्येक जास्तीची चावी म्हणजे हवा गळायला आणखी एक जागा. क्लॅरिनेटवादक इवान म्युलरने चाव्यांखाली मऊ, भरीव पॅड (गाद्या) बसवून ही अडचण सोडवली आणि १८१२ च्या सुमारास १३ चाव्यांचं वाद्य पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीसमोर, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयासमोर, ठेवलं. समितीने नापसंत केलं! पण वादकांनी उचललं, आणि अल्बर्ट, जर्मन हे सगळे त्याचेच वंशज. ब्रसेल्सच्या यूजीन अल्बर्टच्या नावाने एक शाखा ओळखली जाते. दुसरी जर्मनीत वाढत बर्लिनच्या ओस्कार एलरपर्यंत पोहोचली.

बोएमची गोष्ट वेगळी. थिओबाल्ड बोएमने क्लॅरिनेट बनवलंच नाही, त्याचं काम बासरीवर. त्याची रिंग-चाव्यांची युक्ती क्लॅरिनेटवर आणली ती वादक क्लोझे आणि कारागीर ब्यूफे यांनी, १८३९ ते १८४३ या काळात. नाव मात्र बोएमचं चिकटलं.

आता तुमचा बी फ्लॅट. बोएमवर डाव्या हाताची भोकं बंद ठेवून उजवी तर्जनी टेकवली की झालं. रजिस्टर चावी दाबलीत तर त्याच बोटांनी वरचा एफ. अल्बर्टवर तर्जनी आणि अनामिका खाली, मधलं बोट वर, असा काटा करावा लागतो. एकट्या तर्जनीने तिथे बी नॅचरल, म्हणजे अर्धा स्वर चढा, येतो. मी बोएमवर शिकलो आणि नंतर एका मित्राचं अल्बर्ट हातात घेतलं, तर कित्येक दिवस दर एफला एफ शार्प वाजत होता. डोक्याला कळायचं, बोटाला नाही.

दुसरा फरक करंगळ्यांचा. मधल्या बी वरून सी शार्पवर जायचं असेल तर बोएमवर एक स्वर डाव्या करंगळीने, दुसरा उजवीने. साध्या अल्बर्टवर दोन्ही डाव्याच करंगळीच्या वाट्याला, म्हणजे घसरत जायचं. सी वरून ई फ्लॅटला तेच काम उजवीला, आणि रूळ त्यासाठीच असतात. ऐकायला हे गैरसोयीचं वाटतं, पण घसरणारं बोट स्वरालाही लाडिक वळण देतं. सिडनी बेशे, जॉनी डॉड्स यांच्यासारखे न्यू ऑर्लिन्सचे जॅझ वादक अल्बर्टच वाजवायचे, तुर्की क्लॅरिनेटवर आजही तीच बोटं चालतात.

जर्मन पद्धतीच्या वाद्याचा आवाज गडद, असं म्हणतात. मला तरी त्याचं श्रेय चाव्यांपेक्षा नळीच्या आतल्या मापांना आणि माउथपीसला (फुंकायच्या टोकाला) द्यावंसं वाटतं. जर्मन नळीवर बोएमच्या चाव्या बसवलेलं ‘रिफॉर्म बोएम’ नावाचं वाद्यही आहे.

शून्यापासून शिकत असाल तर बोएम घ्या. पुस्तकं, शिक्षक, दुरुस्ती, सगळं त्याचं सहज मिळतं. हेच वाद्य वाजवायचं ठरवलंत तर अल्बर्टचा चार्ट शोधा, बोएमचा चार्ट त्यावर ओढूनताणून बसवू नका. आणि पॅड बदलायला पैसे घालण्याआधी वाद्यावर ‘एचपी’ (हाय पिच) असा शिक्का आहे का ते बघा. असेल तर ते जुन्या चढ्या सुराचं, म्हणजे ‘ए’ स्वर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४५० च्या वर. बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) बाहेर ओढून ते आजच्या सुरात येत नाही, कारण वरचे स्वर जास्त उतरतात आणि खालचे कमी. एकट्याने वाजवायला ते ठीक, पण पियानोसोबत अजिबात जमणार नाही.