मायक्रोकर्नल इतका सुरक्षित, तर लिनक्स मोनोलिथिक का?

मुख्यतः वेगासाठी. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मोनोलिथिक कर्नलमध्ये फाइल सिस्टिम, नेटवर्क, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) सगळं एकाच मेमरीत नांदतं; एकाचं दुसऱ्याकडे काम असलं तर साधा फंक्शन कॉल पुरतो. मायक्रोकर्नलमध्ये हेच सगळे कर्नलबाहेर, वेगवेगळ्या प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम) म्हणून असतात. चार बाइट वाचायचे तरी निरोप कर्नलमार्फत फाइल सर्व्हरकडे, तिथून पुन्हा कर्नलमार्फत डिस्क ड्रायव्हरकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. दर टप्प्याला कॉन्टेक्स्ट स्विच, म्हणजे प्रोसेसरने एक काम सोडून दुसरं हाती घ्यायचं! माख हा सुरुवातीचा मायक्रोकर्नल यातच बदनाम झाला. पुढे १९९०च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ योखेन लिड्टकेच्या एल४ या मायक्रोकर्नलने ही निरोपानिरोपी बरीच स्वस्त करून दाखवली, पण तोवर लिनक्सची घडी बसली होती.

मायक्रोकर्नलचा फायदा मात्र खरा आहे. ड्रायव्हर कोसळला तर बहुतेक वेळा तेवढाच पुन्हा सुरू करता येतो, अख्खं मशीन आडवं होत नाही. गाड्यांमध्ये क्यूएनएक्स ही मायक्रोकर्नलवरची ऑपरेटिंग सिस्टिम दिसते, त्याचं हे एक कारण.