गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या नव्या घरात फोन आणि इंटरनेट: आधी खांब बघा, कंपनी मग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: केरी-सत्तरीत रस्त्यापासून आत, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला चिऱ्यांचं घर बांधताय, गिलावा सुरू व्हायचाय, चतुर्थीला आई-बाबा राहायला येणार. तुम्हाला तिथून ऑफिसचं काम करायचंय, घरात मोबाइल लागत नाही, आणि कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला की 'सेवा उपलब्ध नाही' येतं. तर कुठली कंपनी घ्यावी?

कंपनी नंतर ठरवा. पंचायतीने अजून घर नंबर दिला नाही त्या घराबद्दल साइट काय सांगणार? वाड्यावर ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडे चहाला जा आणि त्यांच्या घरात शिरणारी वायर उलटी, खांबाखांबाने बघत या. कुठल्यातरी खांबावर छोटा काळा किंवा पांढरा डबा दिसेल, त्यातून चार-सहा बारीक वायरी फुटलेल्या असतील. तिथून तुमच्या फाटकापर्यंत किती खांब आहेत ते मोजा. गावात दोन खांबांत साधारण 40-50 मीटर अंतर असतं, म्हणजे अंदाज येतो. आणि ती वायर ज्याने ओढली त्याचा नंबर घ्या. बीएसएनएलचं फायबरसुद्धा बऱ्याच गावांत असा स्थानिक भागीदारच देतो. कॉल सेंटरने 'होणार नाही' म्हटलं तरी हा माणूस बघून जातो आणि 'दोन खांब कमी पडतात' असं नेमकं सांगतो. नेमकं कळलं की मार्ग निघतो.

'घर लांब आहे' या कारणाला घाबरू नका. फायबरमध्ये एका किलोमीटरला प्रकाश जेमतेम 0.3 डीबीने (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) घटतो. एक वाईट जोड किंवा खिळ्याजवळ करकचून वाकवलेली वायर याहून जास्त खाते. खरी अडचण असते ती एका घरासाठी एवढी वायर आणि मजुरी कोण घालणार याची. म्हणून एकट्याने अर्ज करू नका. वाटेवरची तीन-चार घरं तयार झाली तर तोच माणूस वाड्यावर नवा डबा बसवायला राजी होतो.

वीज खात्याच्या खांबांवरून वायर येणार असेल तर परवानगी कोणाची, हे लेखी विचारा. खांबांवर विनापरवाना लोंबणाऱ्या केबलींवर गोव्यात कारवाई झालेली आहे, आणि वायर कापली गेली की कंपनीआधी तुमची मीटिंग बंद पडते. परवानगी काढणं हे सेवा देणाऱ्याचं काम, तुमचं नव्हे. तुमच्या जागेत मात्र सरळ जमिनीखालून पाइप घाला: दीड फूट खोल, वीजवाहिनीपासून वेगळा, आत नायलॉनची दोरी सोडून. पंचायतीचा रस्ता ओलांडायचा असेल तर ते पावसाआधीच उरका, पावसात खणायला कोणी हो म्हणत नाही.

आता घरातलं, आणि हे या आठवड्यात करा. गवंड्याला सांगून फाटकाकडच्या भिंतीतून हॉलपर्यंत 25 मिलिमीटरचा पाइप गिलाव्याआधी बसवून घ्या. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड घ्या. बाहेरचं तोंड किंचित खाली झुकलेलं हवं आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ हवा, म्हणजे पाणी वायरीवरून भिंतीत न जाता खाली ठिबकतं. राउटर कुठे बसणार ते ठरवून तिथे प्लग द्या आणि तिथून वरच्या मजल्यावर लॅन केबलही आत्ताच टाका. चिऱ्याच्या भिंती वायफाय गिळतात, दोन भिंतींपलीकडे फारसं काही उरत नाही.

जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञाला पॉवर मीटर (वायरीतून येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) लावून आकडा दाखवायला सांगा. उणे 15 ते उणे 25 डीबीएमच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे 27 च्या पलीकडे गेला तर सही करू नका, कारण पहिल्याच पावसात राउटरवर लाल दिवा लागेल. आणि जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खांबाला बांधू देऊ नका. आमच्या वाड्यावरच्या एका पिशवीत मुंग्यांनी संसार थाटला होता, तक्रार नोंदवून पाच-सहा वेळा 'सोडवली' गेली तरी कोणी पिशवी उघडली नव्हती. बंद होणारा डबा मागा.

मोबाइलचं म्हणाल तर सगळ्या कंपन्यांची सिम गोळा करा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'सिम स्टेटस'खाली सिग्नलचा आकडा बघा, काड्या बघू नका. उणे 95 पर्यंत घरात चालतं, उणे 110 ला अंगणात उभं राहून बोलावं लागतं. शेजारी सांगेल तेच सिम चालेल असं नाही, डोंगराच्या एका अंगाला एक लागतं, दुसऱ्या अंगाला दुसरं. एकदा फायबर आलं की वायफाय कॉलिंग चालू करा, टॉवरशिवाय घरात साधे कॉल येतात. बँकेचा ओटीपी वायफायवर येतो का ते मात्र आधी तपासून घ्या. ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर घेऊ नका, परवान्याशिवाय ते बेकायदा आहेत.

फायबरबरोबर 0832 चा लँडलाइन नंबर मिळतो. आई-बाबांसाठी तो नक्की घ्या, पण जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून वीज यायची तशी याला येत नाही. लाइट गेली की फोन मुका. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, तीन-चार तास निघतात. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. स्टीलची तार असलेली फायबर वायरसुद्धा विजेचा झटका घरापर्यंत आणू शकते, म्हणून तार नसलेली वायर मिळाली तर तीच मागा.

जियो-एअरटेलच्या एअरफायबरला (वायरीविना घरात येणारं इंटरनेट) जवळ 5जी टॉवर हवा, दरीत ते क्वचित जमतं. छपरावर अँटेना लावून 4जी राउटर चालवता येतो, पण भिजलेल्या झाडीतून सिग्नल पडतो आणि पोफळी दरवर्षी वाढतात. दुसरी वाट म्हणून ठेवा, रोजची म्हणून नको. स्टारलिंकला 2025 मध्ये सरकारी परवाना मिळाला, तरी चतुर्थीचा बेत त्याच्या भरवशावर आखू नका.

शेवटचा डबा किती खांबांवर आहे आणि गच्चीवर कुठल्या सिमचा काय आकडा येतो तेवढं कळवा. त्यावरून दुसरी वाट कुठली घ्यावी ते सांगतो.