केनियाच्या आठ दिवसांच्या सहलीत रात्रीची सफारी कुठे आणि कशी बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं केनियाला निघालात. एजंटने अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा असा आठ दिवसांचा कार्यक्रम पाठवलाय. मुलाला काहीही झालं तरी नाइट गेम ड्राइव्ह, म्हणजे रात्री गाडीतून प्राणी शोधायची फेरी, हवी आहे आणि एजंट म्हणतोय, "ते तिकडे गेल्यावर बघू."

तिकडे गेल्यावर काहीही बघता येत नाही. हे मी पैसे घालवून शिकलेय.

2018 च्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा छापील कार्यक्रमात चौथ्या दिवसापुढे 'नाइट गेम ड्राइव्ह' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. माराला पोहोचल्यावर मी ड्रायव्हरला विचारलं, "उद्या रात्री किती वाजता निघायचं?" तो बिचारा नुसता हसला. आमचा लॉज रिझर्व्हच्या आत होता आणि आतमध्ये अंधार पडल्यावर पर्यटकांच्या गाड्या फिरवायला परवानगीच नाही. एजंटला फोन लावला तर तो म्हणतो, "अहो ताई, संध्याकाळची फेरी म्हणजे तीच." मुलगी रडवेली झाली. त्या रात्री खोलीच्या खिडकीतून तरसांचे आवाज ऐकत बसलो, तीच आमची नाइट सफारी.

तेव्हा सगळ्यात आधी रात्र ठरवा, दिवस नंतर. केनियातल्या राष्ट्रीय उद्यानांत आणि मसाई मारा नॅशनल रिझर्व्हमध्ये रात्रीची सफारी चालत नाही. ती चालते खाजगी कॉन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या खाजगी जमिनींवर. माराच्या रिझर्व्हला लागूनच मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोईशो अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. ही जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे आणि कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. मधे कुंपण नाही, त्यामुळे सिंह आणि हत्ती दोन्हीकडे ये-जा करतात. गाड्यांची संख्या मात्र मर्यादित. रिझर्व्हमध्ये एका चित्त्याभोवती वीस गाड्या लागतात तसा प्रकार इथे नाही. या जमिनींवर रात्री गाडी काढता येते, पण तिथल्याच कॅम्पमध्ये मुक्काम असला तरच. म्हणून एजंटला विचारायचा प्रश्न 'नाइट ड्राइव्ह आहे का' असा नाही. 'कॅम्प कोणत्या कॉन्झर्व्हन्सीत आहे' हे विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. 'माराजवळ', 'मारा परिसरात' असली उत्तरं आली तर समजून जा. गेटाबाहेरच्या गावात उभी असलेली हॉटेलंही त्यात येतात.

आता तुमचा कार्यक्रम. माझं मत स्पष्ट आहे, अंबोसेली काढून टाका. किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती सुंदरच, वाद नाही. पण अंबोसेली एका टोकाला आणि मारा दुसऱ्या, मधला आख्खा दिवस गाडीत जातो. सासूबाईंना ते झेपणार नाही आणि मुलगा कंटाळेल. त्याऐवजी उत्तरेला नान्युकीजवळ ओल पेजेटा कॉन्झर्व्हन्सी घ्या. नैरोबीहून साधारण 200 किलोमीटर, चार तास धरा. तिथेही नाइट ड्राइव्ह होते, म्हणजे मुलाला एकाच सहलीत दोन संधी मिळतात. ही दुसरी संधी फार मोलाची. एक रात्र पावसात गेली किंवा नुसते ससे दिसले तरी तोंड पाडून परतायची वेळ येत नाही. शिवाय जगात उरलेल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्या, नाजिन आणि फातू, तिथेच आहेत. त्या जातीतला शेवटचा नर सुदान मार्च 2018 मध्ये तिथेच गेला. बारा वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि लक्षात राहतं. माझ्या मुलीच्या तर राहिलंय.

तर पहिली रात्र नैरोबी, पुढच्या दोन ओल पेजेटा, एक नैवाशा, मग माराच्या कॉन्झर्व्हन्सीत सलग तीन. नैवाशा फक्त पाय मोकळे करायला, तळ्यातली बोटीची फेरी करा आणि पुढे निघा. नाकुरूही वगळायला हरकत नाही, गेंडे तुम्ही आदल्याच मुक्कामी पाहिलेले असतील. माराहून परतताना मात्र शक्य असेल तर छोट्या विमानाने या. नारोकवरून रस्त्याने नैरोबी पाच-सहा तास आणि शेवटच्या दिवशी ते धक्के कुणालाच नको असतात. विमानाला पाऊण तास लागतो आणि ते नैरोबीच्या विल्सन विमानतळावर उतरतं, तुमचं मुंबईचं विमान दुसऱ्या विमानतळावरून. मधे ट्रॅफिकसाठी भरपूर वेळ ठेवा. या विमानांत माणशी साधारण 15 किलो सामान आणि तेही मऊ पिशवीत. कडक सुटकेस चालत नाही.

माराच्या तीन रात्रींपैकी नाइट ड्राइव्ह दुसऱ्या रात्री ठेवा. पहिल्या दिवशी प्रवासाने सगळे अर्धमेले असतात. तिसऱ्या रात्रीवर ढकललं आणि पाऊस आला तर संपलंच. आणि तीनपैकी एकच दिवस मुख्य रिझर्व्हमध्ये जा, मारा नदी बघायला. 2024 पासून जुलै ते डिसेंबर रिझर्व्हची फी परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर आहे. कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क बहुतेक वेळा कॅम्पच्या भाड्यात धरलेलं असतं, पण तेही विचारून घ्या.

तारखेबद्दल कुठलाच एजंट सांगत नाही ते सांगते: कालनिर्णय काढा. रात्रीची सफारी पौर्णिमेच्या आसपास नको. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर प्राणी मोजतात, त्यामुळे चांदणं म्हणजे चांगलं असं आपल्या डोक्यात बसलंय. पण तिथे माणूस एका जागी बसलेला असतो आणि प्राणी पाण्यावर येतात. इथे तुम्ही गाडीतून शोधत फिरता आणि ते दिव्याच्या झोतात चमकणाऱ्या डोळ्यांवरून. अंधार जितका दाट तितके डोळे लांबून दिसतात. सिंहसुद्धा शिकारीला अंधाऱ्या रात्री जास्त निघतात. ड्राइव्ह साधारण आठ ते दहा. संकष्टीला चंद्र नऊच्या पुढे-मागे उगवतो आणि नंतर रोज पाऊणएक तास उशिरा. तेव्हा संकष्टीपासून पुढच्या विनायकीपर्यंतच्या रात्री आपल्या. तुम्ही दिवाळीत जाताय, लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे न ठरवता उत्तम मुहूर्त साधलात.

फक्त एक गोम आहे. दिवाळी ऑक्टोबरात आली तर ठीक, नोव्हेंबरात सरकली तर तिकडचा छोटा पाऊस सुरू झालेला असतो. दुपारनंतर सर येते. माराची जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी, भिजली की गाडी रुतते. आणि विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे ते प्रचंड कळप तोवर बहुतेक परत टांझानियातल्या सेरेंगेटीकडे वळलेले असतात. नदी ओलांडणारे हजारो प्राणी बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर. कळप आणि अंधाऱ्या रात्री दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला कृष्णपक्ष बघा, पण मग शाळा बुडणार.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते 2022 च्या दिवाळीत. लक्ष्मीपूजन त्या वर्षी 24 ऑक्टोबरला होतं. मुक्काम नाबोईशोत. लवकर जेवून सव्वाआठला निघालो. गाडी बाजूंनी उघडी, पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या डाव्या हाताला दिवा घेतलेला मसाई पोरगा. शेतात राखणीला बसलेला माणूस बॅटरी फिरवतो तसा तो दिवा डावीकडून उजवीकडे संथपणे फिरवत होता. पहिली पंधरा मिनिटं फक्त हरणांचे डोळे, हिरवट ठिपक्यांची रांगच्या रांग. त्यांच्यावर झोत पडला की तो लगेच दिवा वर उचलायचा. मी कारण विचारलं. झोताने हरणाचे डोळे दिपतात, त्याला क्षणभर काही दिसत नाही आणि जवळ सिंहीण असेल तर आपण तिला आयती शिकार दिल्यासारखं होतं. तुमचा दिवेवाला हरणं-झेब्र्यांवर झोत रोखून धरत असेल तर खुशाल हटका.

मग एक डोळा दिसला. एकच. दिसायचा, विझायचा, दोन हात पलीकडे परत दिसायचा. जवळ गेलो तर सशाएवढा प्राणी, पुढचे पाय इवलेसे, मागच्या पायांवर कांगारूसारखा टुणटुण उड्या मारत होता. स्प्रिंगहेअर म्हणतात त्याला, नावात ससा असला तरी जात उंदराची. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे आपल्याला बहुतेक वेळा एकच चमकताना दिसतो. माझी मुलगी त्याच्यावर इतकी हसली की ड्रायव्हरने ओठांवर बोट ठेवलं.

पुढे नदीपासून बऱ्याच अंतरावर, उघड्या माळावर पाणघोडा. दिवसभर पाण्यात नुसतं नाक आणि कान दाखवणारा तो धोंडा रात्री चरायला बाहेर पडतो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, दिवाही मालवला. काळोखात त्याचं गवत ओरबाडणं ऐकू येत होतं, गोठ्यात बांधलेल्या म्हशीचं येतं तसं, फक्त दसपट. मला विचाराल तर त्या रात्रीचं सगळ्यात मोठं सुख ते होतं, सिंह नव्हे.

सिंहिणी शेवटी दिसल्या. तिघी, एकामागे एक. दिव्यावर लाल काच चढली. पहिली गाडीच्या इतक्या जवळून गेली की नवऱ्याने उघड्या बाजूचा हात नकळत आत ओढला. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर अंधारात विल्डबीस्टचं हुंकारणं चालू होतं. आता शिकार बघायला मिळणार म्हणून आम्ही सरसावून बसलो आणि नेमकं तेव्हाच ड्रायव्हरने गाडी वळवली. त्यांच्या कामात आपण नको, एवढंच म्हणाला. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, असाच ड्रायव्हर मिळावा.

मुलाला आधीच सांगून ठेवा की बिबट्या दिसेलच असं नाही. मुंगूस, उदमांजरासारखे ठिपक्यांचे जेनेट, मोठ्या कानांचे खोकड, रस्त्यावर बसलेले रातवे पक्षी, तरसं हे बऱ्यापैकी हमखास. आर्डव्हार्क, म्हणजे वाळवी खाणारा लांब तोंडाचा प्राणी, बघायला मी दोन खेपा डोळे फाडफाडून बसले, अजून दर्शन नाही. मोबाइलवर फोटो येत नाहीत, उलट स्क्रीनच्या उजेडाने सगळ्यांचे अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. मोबाइल बॅगेतच राहू दे. काही कॅम्प रात्रीच्या गाडीत लहान मुलांना घेत नाहीत, वयाची अट बुकिंगच्या वेळीच विचारा. सासूबाईंना उघड्या गाडीत चढायला पायरी उंच पडते आणि आडरानातले खड्डे रात्री दिसत नाहीत. त्यांना कॅम्पवर शेकोटीपाशी बसवलंत तर त्या जास्त खूश राहतील. जेवणाची काळजी नको. नैरोबीत गुजराती मंडळी कैक पिढ्यांपासून आहेत, शाकाहारी म्हणजे काय हे केनियातल्या स्वयंपाक्यांना समजावावं लागत नाही आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात.

थंडीचं सांगायलाच हवं. विषुववृत्त म्हणून आपण सुती कपडे घेऊन जातो, पण मारा 1,500 मीटरच्या वर आहे आणि चालत्या उघड्या गाडीत रात्री नऊ वाजता दात वाजतात. कानटोपी, जाड स्वेटर, मोजे हवेतच. कॅम्पवाले ब्लँकेटं देतात आणि बऱ्याच ठिकाणी झोपायच्या वेळी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात. सासूबाईंना आधी सांगा, नाहीतर अंधारात पायाला काहीतरी ऊबदार लागलं म्हणून किंकाळी फुटेल. आमच्याकडे फुटली होती.

नुसत्या रात्रीच्या सफारीसाठीच जायचं असतं तर मी झांबियाचं साउथ लुआंग्वा सांगितलं असतं. तिथे राष्ट्रीय उद्यानाच्या आतच अंधार पडल्यावर फिरता येतं आणि बिबटे भरपूर. पण नोव्हेंबरात तिथे पाऊस लागतो, अनेक कॅम्प बंद होतात आणि चौघांचा प्रवासखर्च ऐकून झोप उडते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमध्ये सरकारी कॅम्पांतून रात्री मोठ्या गाड्या सुटतात, ते स्वस्त पडतं. तो बेत पुढच्या वेळी.

कागदपत्रांत केनियासाठी आता व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, आहे, जानेवारी 2024 पासून, ऑनलाइन मिळतं. पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका. ती सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच मिळते, घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात आणि तो नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. दिवाळीच्या तोंडावर केंद्रांवर गर्दी असते, सप्टेंबरातच उरका. सासूबाईंचं वय साठच्या पुढे असेल तर त्यांनी लस घ्यावी की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा, मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच.

आणि फराळ नेणार असालच, तर चिवडा-चकल्या स्टीलच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या टिकाऊ डब्यांत भरा. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगवर बंदी आहे आणि दंड जबर. आम्ही पहिल्या खेपेला विमानतळावर उभं राहून लाडू पिशवीतून काढून नवऱ्याच्या टोपीत भरले होते.